गाळूनही उरलेली ओळ

आधीच सांगते, मी संख्याशास्त्रवाली आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की "सॅम्पल किती जणांचं?" असं विचारून सगळ्यांचा विरस करणारी. आई दृष्ट काढायला आली तरी मी पळून जायचे. त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय… पण जे झालं ते झालं.

मी लातूरची. पीएचडीचा विषय — आदिवासी पाड्यांवरचे बालमृत्यू. डहाणू-तलासरी भागातल्या जन्ममृत्यूच्या खूप जुन्या नोंदी एका संस्थेकडे आहेत. कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून वह्यांत लिहिलेल्या, नंतर कॉम्प्युटरवर चढवलेल्या. त्या मिळाल्या तर थीसिस, नाहीतर काही नाही. आणि त्या मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. अर्ज केला, तर एथिक्स कमिटीचं पत्र आणा. ते आणलं, तर त्यावर गाइडचं पद जुनं लिहिलंय, नवीन आणा. गाइडना फोन केला की ते म्हणायचे, फॉलो-अप घे. सात महिने मी फॉलो-अपच घेत होते. युनिव्हर्सिटीने शेवटची मुदतवाढ दिली होती. ती संपली की माझं नाव कमी.

डहाणूत स्टेशनपासून थोडं आत एक खोली घेतली होती. मालकीणबाई घरात गुजरातीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, तेही पाणी कधी येणार एवढंच सांगायला. मैत्रिणी नोकरीला लागलेल्या. त्यांच्या ग्रुपवर मी नुसते अंगठे टाकायचे. कधीकधी दिवसभरात माझ्या तोंडून "एक डहाणू द्या" एवढंच निघायचं, ते पण कंडक्टरशी. एकटं वाटायचं, फार वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

वाट बघून कंटाळले तेव्हा उधवा गावाच्या बाजूच्या एका पाड्यावर जायला लागले. कासापर्यंत एसटी, पुढे जीप. तिथे जानीआजी भेटली. (हे नाव बदललेलं आहे, पाड्याचं सांगत नाही.) नवरा गेलेला, सोमा आणि बुध्या हे दोन मुलगे कामासाठी बाहेर. तिकडे मूल ज्या वारी जन्मलं त्यावरून नाव ठेवायची जुनी रीत आहे, म्हणून एक सोमवारचा आणि एक बुधवारचा. मी काय काम करते असं तिने विचारलं. जन्मलेल्या आणि गेलेल्या पोरांच्या नोंदी बघायच्यात, असं मी सांगितलं.

"बाय, माजी एक पोर पाच दिसांची गेली," ती म्हणाली. "नाव ठेवलाच नाय. ती लिवलीय का तिथं?"

होळीनंतरच्या मंगळवारी जन्मली, एवढंच तिला आठवत होतं. पुढे मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला. ना फोटो, ना दाखला. घरातली जुनी माणसं संपलेली. ती पोर होऊन गेली, हे तिच्याशिवाय आता कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी परवानगी आली. फोन बाहेर, पेन बाहेर, कागद बाहेर. एक खोली, एक कॉम्प्युटर, इंटरनेट नाही. मुलांची नावं काढून टाकलेली, प्रत्येकाला नुसता नंबर. कुठल्याही नोंदीतलं माणूस ओळखायचा प्रयत्न करणार नाही, आणि ओळख पटलीच तर बाहेर सांगणार नाही, असं सही करून दिलं होतं. मोडलं तर परवानगी रद्द. लक्ष ठेवायला संस्थेच्या राऊत मॅडम शेजारच्या टेबलावर बसायच्या.

फाइलमध्ये एक रकाना होता — 'नाव ठेवलं का?' उत्तर 'हो' किंवा 'नाही'. तिसरं काही तिथे टाइपच होत नाही, तशी सोयच केलेली आहे. आता माझी चूक सांगते. मला वाटलं, 'नाही' म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म. अपुऱ्या नोंदी आधी गाळा, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. मी सगळे 'नाही' गाळून टाकले.

दुपारचे तीन वाजले असतील. उरलेली यादी मृत्यूच्या वेळच्या वयाप्रमाणे लावली, तर सगळ्यांत वर एकच ओळ पाच दिवसांची, बाकीची मुलं महिन्याच्या पुढची. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अपुरी म्हणून मी जी गाळली, ती नाव ठेवण्याआधीच गेलेली बाळं होती. फार वाईट वाटलं मला. मग ही एक कशी उरली? परत गाळून बघितलं, तरी ती तिथेच. रकाना बघितला. त्यात 'हो' नव्हतं, 'नाही' नव्हतं. 'शिंपली' असं लिहिलेलं होतं.

राऊत मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "शिंपली?" असं इथे येऊच शकत नाही, म्हणाल्या. त्यांनी फाइल बंद करून मूळ प्रतीतून पुन्हा उघडली. त्या ओळीत आता सरळ 'नाही' होतं. मुलगी, उधव्याकडचा पाडा, मार्च महिना, मंगळवारचा जन्म… ओळखायचं नव्हतं, पण मी ओळखलं.

सांगितलं तर थीसिस गेला. नाही सांगितलं तर आजी पुन्हा विचारणार, आणि मी "माहीत नाही" म्हणणार. तीन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी कासाची एसटी पकडली.

आजी अंगणात नाचणी पाखडत होती. लिहिलीय, नावासकट लिहिलीय, असं म्हणून मी ते नाव सांगितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"ह्या नाव मी कोनाला सांगलाच नाय."

पोटुशी असताना ती समुद्रकाठच्या वरोरला बोंबील वाळवायच्या कामाला गेली होती. वाळूतल्या शिंपल्या तिला फार आवडल्या. मुलगी झाली तर हेच नाव, असं तिने मनात धरलं. पाच दिवस ती फक्त बाळाच्या कानात ते नाव म्हणत होती. नवऱ्याला नाही, सुईणीला नाही. पोर गेल्यावर सांगायला कारणच उरलं नाही. घरातली तेव्हाची मोठी माणसं 'ती मंगळवारची' एवढंच म्हणायची.

एथिक्स कमिटीला मी स्वतःच सगळं लिहून कळवलं. परवानगी रद्द झाली. राऊत मॅडमनीही तो शब्द पाहिल्याचं लेखी दिलं, तरी शेरा पडला — टायपिंगची चूक. त्या रकान्यात 'हो'-'नाही'शिवाय काही टाइपच होत नाही, हे बहुतेक कुणी बघितलं नसावं. मी आता लातूरला क्लासमध्ये गणित शिकवते. आजी आधी कधी ते नाव बोलून गेली असेल, म्हणून पाड्यावर लिहिलेल्या माझ्या सगळ्या डायऱ्या चाळल्या. सापडलं नाही.

हे लिहिण्याआधी पाड्यावर जाऊन आले. पोरीचं नाव लिहू का, असं विचारलं. किती जण वाचतील, आजीने विचारलं. मी म्हटलं, शंभर असतील, दोनशेही असतील.

"मंग लिव," ती म्हणाली. "येवढी वरसं मी एकलीच हाक मारीत होते तिला."

तुम्ही वाचताना मनात एकदा तरी म्हटलं असेल ते नाव… तेवढ्यासाठीच लिहिलं.