सुईवाल्या फादरांची चूक

फादर आधी डॉक्टर झाले, मग पाद्री. त्यांचे वडील शिंपी होते. मुलाने सरकारी इस्पितळातली पाच वर्षांची नोकरी सोडून पाद्री व्हायचं ठरवलं, तेव्हा शिलाई मशीनवरून मानही वर न करता म्हातारा म्हणाला, "म्हणजे पेशंट बरा झाला तरी तुझा, नाही झाला तरी तुझाच." आई मात्र आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने त्यांच्या ट्रंकेत चार नवे बनियन ठेवले आणि विषय संपवला.

दीक्षा मिळाली तेव्हा फादरांनी छत्तिशी ओलांडली होती. बिशपांनी त्यांना दगडखाणीला लागून असलेल्या एका वस्तीत पाठवलं. तिथे लहानसं चर्च, चर्चच्या कुशीत दोन खोल्यांचा दवाखाना आणि दवाखान्यात एक नर्स. ती संन्यस्त होती, त्यामुळे सगळ्यांची सिस्टर. अठरा वर्षं तिथेच मुरलेली. पहिल्याच दिवशी तिने फादरांना दोन गोष्टी सांगितल्या : औषधांच्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, आणि इथल्या माणसांना सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही. दोन्ही खरं निघालं. वर्षभरात पोरंसोरं त्यांना 'सुईवाले फादर' म्हणू लागली.

सकाळी सहाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली रोजची उपासना, आठपासून दवाखाना. मिस्साच्या आधी वेदीवरचं कापड अंगणात नेऊन झटकायचं काम फादर स्वतः करायचे, कारण एका रात्रीत त्यावर पिठासारखी धूळ बसलेली असायची. खाण हाकेच्या अंतरावर होती. तिथे ड्रिल मशीनने दगडाला भोकं पाडत, सुरुंग लावत, मोठ्या करवतींनी लाद्या कापत. वारा वस्तीकडे वळला की दोरीवर वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला काढावे लागत. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. फादरांनाही झाली.

दवाखान्यात खोकल्याचे पेशंट सगळ्यात जास्त. बहुतेक तिशी-चाळिशीतले पुरुष, वाळून काडी झालेले, चार पावलं चालले की धाप लागायची. शहरात जाऊन एक्सरे काढला की छातीच्या वरच्या भागात पांढरे ठिपके. असे एक्सरे फादरांनी इस्पितळात ढिगाने पाहिले होते. टीबी. त्यांनी औषधं सुरू केली. थुंकी तपासायला पाठवली की बहुतेक वेळा जंतू सापडत नसत. तेव्हा ते म्हणत, नमुना नीट घेतला नसेल.

असाच एक ड्रिलवाला त्यांच्याकडे आला. उंच, मिस्किल माणूस. पहिल्या भेटीतच म्हणाला, "फादर, गोळ्या द्या, प्रवचन नको." फादरांनी दोन्ही दिलं. त्याच्याही थुंकीत जंतू सापडले नाहीत. त्याच्या घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी होती. फादरांनी सांगितलं की ताट-वाटी वेगळी ठेव, पडवीत एकटा झोप आणि मुलीला अजिबात जवळ घेऊ नकोस. ड्रिलवाल्याने पडवीला गोणपाटाचा आडोसा केला आणि दोन वर्षं तिथे काढली. मुलगी उंबऱ्यावर बसून त्याच्याशी गप्पा मारायची. तिने उंबरा ओलांडला की आई तिला दंडाला धरून मागे ओढायची.

त्याने एकही गोळी चुकवली नाही, तरी तब्येत खालावतच गेली. फादरांनी औषध बदललं, पुन्हा बदललं. शेवटचा महिनाभर त्याला आडवंही होता येईना, बसूनच डोळा लागायचा. एका दुपारी तो गेला. फादरांनीच त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावलं, फादरांनीच त्याला माती दिली आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणही त्यांनीच लिहिलं : क्षय.

तीन आठवड्यांनी त्याची बायको दवाखान्यात आली. ती गोणी शिवायचं काम करायची. दाभण बोटात घुसला होता. सिस्टर पट्टी बांधत असताना ती म्हणाली, "फादर, टीबी एकाचा दुसऱ्याला लागतो ना? मग मला कसा नाही लागला? त्यांचं अंग मीच पुसत होते, थुंकीचं भांडंही मीच धूत होते. शेजारचा करवतवाला चार वर्षं खोकतोय, त्याच्या बायकोला साधं पडसं नाही."

"प्रत्येकाला लागतोच असं नाही," फादर म्हणाले.

"हो का," ती म्हणाली आणि पट्टी बांधलेलं बोट वर धरून निघून गेली.

सिस्टर उरलेली पट्टी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बावीस वर्षांत खाणीवर न जाणाऱ्या माणसाला हा खोकला झालेला मी पाहिला नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टर तुम्ही."

फादरांनी त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला. दोघांनी खोकल्याचे सगळे केसपेपर चर्चमध्ये नेले आणि बाकांवर पसरले. कागदावर वय होतं, वजन होतं, पत्ता होता. माणूस काम काय करतो, हे लिहायला जागाच नव्हती. सिस्टरला तोंडपाठ होतं. ती सांगत गेली, फादर पेन्सिलीने लिहीत गेले. त्रेचाळीस पेशंटांपैकी एक्केचाळीस खाणीवरचे निघाले; उरलेल्या दोघांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते.

एक्सऱ्यांचं पुडकं घेऊन ते शहरात आपल्या जुन्या सरांकडे गेले. सरांनी एकेक फिल्म खिडकीसमोर धरली. "दगडाची धूळ आहे ही," ते म्हणाले. "एकदा फुप्फुसात बसली की निघत नाही. याच्यावर औषध नाही. काहींना टीबीही जडला असेल, पण सगळ्यांना नाही."

"मला हे कळायला हवं होतं का, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हो," ते म्हणाले.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फादर वेदीचं कापड घेऊन अंगणात आले. झटकायला हात वर नेला आणि तसेच थांबले. चार वर्षं रोज ही धूळ त्यांच्याच हाताला लागत होती. त्यांनी कापड घडी करून बादलीत ओलं केलं आणि त्या दिवशी मिस्सा उघड्या लाकडावर झाली.

मग ते घरोघरी गेले. ज्यांच्या थुंकीत जंतू नव्हते अशा प्रत्येक पेशंटच्या दारात जाऊन सांगितलं की माझं चुकलं, माणसाला घरात घ्या, एकत्र जेवा. कुणी ऐकून घेतलं, कुणी शिव्या घातल्या. करवतवाल्याने विचारलं, "म्हणजे मी बरा होणार?" फादर नाही म्हणाले. करवतवाला आत वळून बायकोला म्हणाला, "माझं अंथरूण आत टाक."

ड्रिलवाल्याच्या घरी मात्र ते सगळ्यात शेवटी गेले. त्याची बायको मांडीवर गोणी घेऊन शिवत बसली होती. फादर उभ्यानेच बोलले. ती शिवतच राहिली. टाके संपल्यावर दोरा दाताने तोडून तिने विचारलं, "म्हणजे पोरगी त्यांच्या मांडीवर बसली असती, तरी काही झालं नसतं?"

"नाही."

"मग हे तुम्हीच तिला सांगा. मी नाही सांगणार."

मुलगी मागच्या अंगणात भांडी घासत होती. फादर तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "तुझ्या बाबांचा आजार लागणारा नव्हता. मी त्यांना चुकीचं सांगितलं. तुला लांब ठेवायची काही गरज नव्हती."

मुलीने हातातली वाटी खाली ठेवली. "मी एकदा बसले होते," ती हळूच म्हणाली. "आई पाणी आणायला गेली होती. बाबा म्हणाले, ये, कुणाला सांगू नकोस. मी खूप वेळ बसले." तिने दाराकडे पाहिलं. "त्याच्यामुळे ते जास्त आजारी पडले ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. आता मी नीट विचारून आलोय."

तिने वाटी उचलली आणि पुन्हा घासायला लागली. मग मनगटाने नाक पुसत म्हणाली, "तेव्हा बाबांनी मला गुदगुल्या केल्या होत्या." फादर तिची भांडी संपेपर्यंत तिथेच बसले आणि धुतलेली एकेक पालथी घालत गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी चर्चच्या उगवतीकडच्या खिडक्यांना एक्सरे लावले. नाव कुणाचंच नाही. फक्त वय आणि काम. ड्रिल, अडतीस. करवत, एकोणतीस. "देवळात प्रदर्शन मांडलंत," सिस्टर पुटपुटली आणि चिकटपट्टी आणून दिली. ऊन चढलं तसे ठिपके उजळले. प्रवचन झालं नाही. लोक रांगेने खिडक्यांसमोरून गेले, आणि पहिल्या बाकावर बसणारा खाणमालकही गेला.

तो नंतर फादरांच्या खोलीत आला. "खाण बंद पडली तर हे लोक खातील काय?"

"बंद करा असं कोण म्हणतंय? पाणी सोडा. दगड ओला ठेवून कापला तर धूळ उडत नाही."

"एवढं पाणी आणू कुठून?"

"खाणीत साचतं ते रोज पंपाने बाहेर फेकताच ना? तेच फिरवा."

मालकाने बिशपांकडे तक्रार केली. बिशपांचं पत्र आलं की फादरांनी आत्म्याच्या कामाकडे लक्ष द्यावं. फादरांनी उत्तरादाखल एकोणतीस वर्षांच्या करवतवाल्याचा एक्सरे पाठवला. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. खाणीवरही काही हललं नाही. शेवटी आठ महिन्यांनी एका सकाळी ड्रिलवाल्यांनी मशीनला हात लावायचं नाकारलं. त्यांच्या बायका फाटकापाशी जाऊन बसल्या; गोणी शिवणारी शिवणकाम बरोबरच घेऊन गेली होती. चौथ्या दिवशी पाण्याचे पाइप आले.

जुने पेशंट बरे झाले नाहीत. पुढच्या सहा वर्षांत फादरांनी त्यांतल्या एकोणीस जणांना माती दिली. करवतवाला त्यांत होता. तो घरात, बायकोच्या शेजारी गेला. प्रत्येक दाखल्यावर फादरांनी कारण खरं लिहिलं. पण नवे पेशंट कमी झाले, आणि सहाव्या वर्षी खाणीवरून एकही नवीन खोकला आला नाही. त्याच वर्षी फादरांची बदली झाली. निरोपाला सिस्टर म्हणाली, "नवीन डॉक्टरला कपाटाचं सांगेन मी." मग त्यांची पिशवी उचलून फाटकापर्यंत आली.

आता ते दुसऱ्या एका गावी असतात. केस पिकलेत, सुया मात्र चालू आहेत. पेशंट समोर बसला की काय होतंय हे ते नंतर विचारतात, आधी विचारतात, "काम काय करता?" परवा एका म्हातारीलाही त्यांनी तेच विचारलं. ती कंबर धरून खुर्चीत टेकत म्हणाली, "काम माझी सून करते, फादर. मी दुखणं सांगायला आलेय."