अंतिम निर्णयाच्या अधीन राहून

नोकरीचा आदेश घरी आला तेव्हा बाबांनी रोहणा गावातल्या आमच्या किराणा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला. मी मागच्या खोलीत तो आदेश परत परत वाचत होते. सगळ्यात खाली लिहिलं होतं की ही नियुक्ती न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहील. ती ओळ मी कुणालाच वाचून दाखवली नाही.

आरक्षण नसलेल्या जातींतल्या गरीब घरांसाठी दहा टक्के जागा, अशी दुरुस्ती घटनेत झाली होती. त्याच जागांतून मी कृषी सहायक झाले. आधी परीक्षा हुकली होती, आणि ‘यंदा नाई झालं तं स्थळ पाहू’ असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. स्थळ पाहूनही ठेवलं होतं. त्या मुलाच्या आईनं मला चालून दाखवायला लावलं होतं, ते मी अजून विसरले नाही. आता त्या दुरुस्तीविरुद्धच काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं ती रद्द केली की माझी नोकरी गेली.

मला सेलू तालुक्यातली गावं मिळाली. त्याच कामावर एक ताई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नालवाडीत तिचं छोटं घर होतं, वर एक खोली रिकामी होती. ती मी भाड्यानं घेतली. खाली ताई आणि तिची आई राहायच्या. आई जन्मभर अंगणवाडीत होती, आता घरीच असे. दारातून आत गेलं की समोर भिंतीवर घटनेची उद्देशिका, चौकटीत लावलेली. मला सोडायला आलेल्या बाबांनी ती पाहिली, घर कुणाचं आहे ते ओळखलं, आणि दुकान उघडायचंय म्हणून पाणीही न पिता परतले.

मी मात्र महिनाभरात खालीच जेवू लागले. सकाळी ताईच्या गाडीवर मागं बसून निघायचं, बोंडअळी पाहत शेतं फिरायची, संध्याकाळी एकत्र परतायचं. तिच्यासारखं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. आणि तिलाच ती दुरुस्ती नको होती.

हे मला कळलं ते एका रविवारी, ओट्यावर मेथी निवडताना. न्यायालयात सुनावणी सुरू झाली होती. मोबाइल वाजला की मी आधी सुनावणीची बातमी शोधायचे. त्या दिवशी मी बोलून गेले, “ताई, लोकायनं निवडून देल्लेली संसद हाय. तिनं घटनेत बदल केला. आन् हे चार-पाच जण बसून तो खोडणार? त्यायले कोनं निवडलं?”

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. “पागल झाली काय वं? आज संसद तुह्या बाजूनं हाय म्हणून बोलून राह्यली. उद्या तिनंच म्हटलं, माह्यासारख्या पोरीले शाळेत बसवू नका, तं? मंग कोनाकडं जाऊ मी?”

“असं कोन म्हणते?”

“म्हणत होते न. माह्या आजीले बसू देत नव्हते. घटनेची एक चौकट हाय, तिले संसदेनंही हात लावू नये. आन् ह्या दहा टक्क्यांत गरीब म्हणून आमी येत नाई. काऊन? आमच्यात गरीब नाई काय?”

मी जुडीतली पिवळी पानं काढत राहिले. मला इतकंच कळलं की दुरुस्ती टिकली तर ताई हरणार, आणि पडली तर मी घरी जाणार. आई आतून म्हणाली, “भांडू नका, माय. भाजी करपेन.” भाजी तर अजून निवडूनही झाली नव्हती.

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण मी घाबरतच गेले. जेवण कमी झालं. शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण सांगताना आकडा चुकायचा. एकदा काम केळझरच्या बाजूला होतं, तेव्हा ताईनं न विचारताच गाडी टेकडीवरच्या गणपतीकडं वळवली. “जा, पाया पडून ये. तुह्यानं तसं काम होऊन नाई राह्यलं.” ती खाली चपलांपाशी उभी राहिली. गणपतीपुढं हात जोडताना माझ्या मनात आलं, मी जे मागतेय ते खाली उभ्या असलेल्या बाईच्या विरुद्ध आहे. तरी मी मागितलं. खाली आल्यावर, मी काय मागितलं ते तिनं विचारलं नाही. नुसती किक मारली.

निकालाच्या दिवशी आम्ही एका कपाशीच्या शेतात होतो. वेचणी सुरू होती. न्यायाधीश निकाल वाचताना थेट दिसणार होते, म्हणून ताईनं बांधावरच्या बाभळीला मोबाइल टेकवला. रेंज जायची, चित्र गोठायचं. इंग्रजी सगळं मला समजत नव्हतं. पहिल्या न्यायाधीशांचं वाचन चालू असताना मी ताईच्या तोंडाकडं पाहत होते, कारण निकाल मला तिथंच दिसणार होता.

“टिकवली,” ती म्हणाली. मग दुसऱ्यांनीही टिकवली. तिसऱ्यांचं वाचन चालू असताना मध्येच चित्र अडकलं. चित्र परत हललं. “झालं. पाचातले तीन झाले. तुही नोकरी पक्की.”

मी बांधावर बसले. वेचणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या. बाबांना फोन लावला तर तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवला तरी ताई मोबाइलपाशीच उभी होती. चौथे न्यायाधीश वाचत होते. त्यांना निकाल मान्य नव्हता; आधीच आरक्षण असलेल्या जातींतल्या गरिबांना वगळणं समतेला धरून नाही, असं ते सांगत होते. ते हरलेले होते, तरी ताईनं त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकला.

परतताना तिनं सेलूला गाडी थांबवली आणि जिलेबी घेतली. “घे. आता तरी जेव पोटभर.”

“तुले वाईट वाटलं, ताई?”

“वाटलं न. पण तुह्या नोकरीचं नाई वं.”

आता भीती जाईल असं मला वाटलं होतं. काही दिवस ती गेलीही.

पुढं निवडणुका आल्या. बाजारात, ऑटोत, लग्नात, जिथं तिथं एकच बोलणं. कुणी म्हणे घटना बदलणार, कुणी म्हणे ही नुसती अफवा आहे. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईच्या आईनं मात्र ते मनाला लावून घेतलं. ती दार लोटून बसू लागली. ताईला यायला थोडा उशीर झाला की फाटकापाशी जाऊन उभी राहायची. एका दुपारी ताई कामावर होती आणि मी घरी होते तेव्हा तिनं मला हाक मारली.

“पोरी, तू शिकेल हायेस. खरं सांगजो. घटना बदलते काय हे लोक?”

मी तिच्याजवळ खाली बसले. ओट्यावर ताईनं मला जे ऐकवलं होतं तेच मी तिला सांगू लागले. संसद बदल करू शकते, पण सगळंच नाही बदलू शकत. मूळ चौकटीला धक्का लागला तर न्यायालय तो बदल रद्द करू शकतं. जो अधिकार न्यायालयाला नसावा म्हणून मी भांडले होते, तो आज असावा, पक्का असावा, असं मला आतून वाटत होतं.

आईनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, “किती जण असतात ते?”

“कधी पाच, कधी नऊ. जास्तही बसतात.”

“आन् तेच भेले तं?”

न्यायाधीशही घाबरू शकतात, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. बांधावर एकेका न्यायाधीशाची वाट पाहिलेली मीच होते. एक मत इकडचं तिकडं झालं असतं तर मी आज रोहण्याला असते. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला काय दिसलं कोण जाणे, माझंच डोकं तिनं छातीशी धरलं. “राहू दे, माय,” ती म्हणाली. “नको सांगू.”

बाहेर कुठंतरी प्रचाराचा भोंगा वाजत होता. गाडी जवळ आली, दारासमोरून गेली, तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो. ताईला यायला अजून वेळ होता.