कान उघडेपर्यंत

दोन बोटांनी नाक दाबायचं, तोंड मिटायचं आणि दूरचं काहीतरी ऐकत असल्यासारखा चेहरा करायचा. ताई हे कुठेही करायच्या. सिग्नलला, सभेत, मी पत्रकं वाटत असताना माझ्या शेजारी उभ्या राहून. नदीकाठच्या एका सभेत तर एक गृहस्थ चिडलेच. "अहो, आम्ही इथेच राहतो. आम्ही नाही नाक दाबत."

ताईंना वासाचं काही नव्हतं. त्या सराव करत होत्या.

ताई हिंजवडीत नोकरीला. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यात बुडी मारायच्या. पाठीवर टाकी वगैरे नाही. छातीत मावेल तेवढा श्वास आणि हाताशी एक दोर. मला त्यांनी समजावलं होतं, "घाट उतरताना तुझे कान बंद होतात ना? थुंकी गिळलीस की टक् करून उघडतात. पाण्यात तसंच, पण घडोघडी. नाक दाबून हवा कानाकडे सारायची, कपाळातल्या पोकळ्यांतही पोचली पाहिजे. नाही पोचली तर परत फिरायचं."

"आणि नाही फिरलं तर?"

"तर कान फुटतो. सोपं आहे."

परत फिरताना त्यांचं वाक्य ठरलेलं. कान नाही म्हणाला.

खडकवासल्याच्या रस्त्यालगत टेकडीमागे एक सोडून दिलेली दगडखाण होती. तिच्यात बाराही महिने पाणी. काठावर वस्ती, बहुतेक विदर्भातून आलेली. आयटीच्या इमारती बांधणारी माणसं, आणि त्यांच्या नळाला पाणी नाही! ती खाणीवर हंडे भरत. ती खाण एका बिल्डरला बुजवायची होती. परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीतले साहेब म्हणाले, "पावसाचं डबकं आहे. तळाला जिवंत झरा असेल तर दाखवा, मग थांबवू."

आम्ही पाणी-चळवळीतल्यांनी दोरीला कॅमेरा बांधून सोडला, चित्रण नेलं. साहेबांनी पाहिलं. "छान आहे. पण ही तीच खाण कशावरून?" मग ठरलं की साहेब स्वतः येणार, कॅमेरा त्यांचा, पाणबुड्या आमचा. म्हणजे ताई.

पाहणीचा दिवस उजाडला आणि ताईंचं नाक बंद. आठवडाभर ऑफिसच्या एसीत बसून काम उपसलं होतं, त्याचा प्रसाद. मी नाकात मारायचं औषध पुढे केलं. त्यांनी मान हलवली. "खाली असताना त्याचा असर उतरला तर वर येताना हवा आत कोंडते. नको."

त्या उतरल्या. दोर माझ्या हातात होता. थोडा सरकला, थांबला, सैल पडला. ताई वर. कान नाही म्हणाला. पुन्हा उतरल्या, पुन्हा वर. काठावरून वस्ती ओरडत होती, "जोर लावा, ताई!" ताई दोराला धरून तरंगत राहिल्या. "जोर लावून उघडत नाही हो."

मी साहेबांना म्हणालो, "एक तास थांबा. नाहीतर दुसरा दिवस द्या."

"आम्हाला पाणी तपासायला पाठवलंय, बाईंचे कान तपासायला नाही," साहेब म्हणाले. जीप निघून गेली. ज्यांच्या घरात नळ उघडला की पाणी येतं, त्यांना तासाची घाई असते, हे मी तेव्हाच शिकलो.

ताई दगडावर बसून रडत होत्या. वस्तीतल्या एका मावशींनी तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी त्यांच्या नाकाशी धरली. "काहून रडतं वं पोरी? जाऊ दे त्याइले. हुंग."

ताई हुंगत राहिल्या. बऱ्याच वेळाने एकदम ताठ झाल्या. नाक दाबलं, सोडलं. माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. "उघडला."

त्या स्वतःचा कॅमेरा घेऊन पाण्यात शिरल्या आणि या वेळी दोर सरकतच गेला. वर आल्यावर त्या इवल्या पडद्यावर सगळी वस्ती वाकली. कपारीतून रेती उसळत होती. मावशी म्हणाल्या, "भात उकळून राह्यला जसा!"

अहवालात आलं, झरा आढळला नाही. तुम्ही असे अहवाल वाचले असतील. भाषा फार शुद्ध असते. आम्ही ताईंचं चित्रण घेऊन टेबलं फिरलो, पत्रकं काढली, धरणं धरलं. मी थकलो. खरं सांगायचं तर सगळेच थकलो. आता तिथे पत्रे ठोकलेत, आत क्रेन आहे. वस्ती कुठेकुठे पांगली. ताईंनी बंगळूरला बदली घेतली. दिवाळीला एखादा निरोप येतो, तेवढाच.

डंपर येणार होते त्याच्या आदल्या दिवशी त्या आल्या होत्या. कॅमेरा आणला नव्हता. मला म्हणाल्या, "दोर धर." बायका शेवटचे हंडे भरत होत्या, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. ताई गेल्या, बराच वेळ खाली राहिल्या, आल्या. काठावर बसून केस पिळायला लागल्या.

मी विचारलं, "काय दिसलं?"

"चालू आहे," त्या म्हणाल्या.