पाठीमागची दोन बोटं

मी संशयी आहे, हे घरचे लोक पाहुण्यांना हसत हसत सांगतात आणि मीही ते नाकारत नाही. मी देशासाठी व्हॉलीबॉल खेळले, तेही सेटर म्हणून. दुसरीला मारता यावा म्हणून बॉल उचलून देणं हे माझं काम. कुणाला देणार हे समोरच्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, त्यांच्या मनातलं मात्र आपण ओळखायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवालीच्या तराजूकडेही वाकून बघायला लागतो.

मी देवळीची. आमच्या संघात जाळीच्या मध्यावरून मारणारी मुलगी वडनेरची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. शिबिरात आमची खोली एक, साबण एक, घरून आलेल्या चिवड्याचा डबाही एकच. सर्व्हिस होण्याआधी मी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करायची. दोन बोटं म्हणजे क्विक. जाळीलगत ठेंगणा, झटपट बॉल. बॉल माझ्या हातात यायच्या आधीच तिनं उडी घेतलेली असायची. या खुणा आमच्या संघाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हत्या.

परदेशातल्या एका दौऱ्यात आमचे क्विक एकामागून एक अडवले जाऊ लागले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यातच एकदा जेवणाच्या हॉलमध्ये मी तिला समोरच्या संघातल्या मुलीशी हसताना पाहिलं. एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे दोघींचे हातवारे चालले होते. बोटांचे हातवारे. पाणी कुठं मुरतंय ते आपल्याला कळलं, असं मला वाटलं. तिला मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खुणा बदलल्या, बाकीच्यांना समजावून दिल्या आणि तिला मी सांगते म्हणाले. सांगितल्या नाहीत.

सामन्यात ती भलत्याच वेळी उडी मारत राहिली. प्रशिक्षकांनी तिला बाहेर बसवलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी बुटाची नाडी बांधत होते. त्या दिवशीही आमचे क्विक अडवले गेलेच. नव्या खुणाही कुणीतरी तिच्या कानावर घातल्या असणार, असं मी ठरवून टाकलं. तिला त्या कळल्या असत्या तर ती चुकली कशाला असती, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. पुढच्या दौऱ्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. नंतरही कधी आलं नाही. मी मात्र खेळत राहिले.

आता देवळीत मी मुलींना शिकवते. मागच्या महिन्यात सरावात कॉलेजातली एक मुलगी समोरून माझा प्रत्येक क्विक अडवू लागली. आमच्या बाजूची कोण फितूर झाली, हेच मी आधी शोधलं. कुणी सापडेना, तेव्हा त्या मुलीलाच बाजूला घेऊन दरडावलं.

"कोनी नाई सांगत, ताई," ती म्हणाली. "जवळचा बॉल देतानी तुमी ओठ आवळता. दूर देतानी नाई आवळत."

मी तिलाच मोबाइल दिला आणि खेळतानाचा व्हिडिओ काढायला लावला. मग तो तीनदा पाहिला. प्रत्येक क्विकच्या आधी माझे ओठ आवळलेले होते. मला माझीच इतकी शरम वाटली की सराव अर्ध्यावर सोडून मी घरी आले.

वडनेरची ती आता जाम गावात असते. हायवेलगत तिच्या घरच्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, तेच ती सांभाळते. बस बदलत बदलत मी तिथं गेले. ती ओळखच दाखवणार नाही, हाही संशय वाटेत येऊन गेला. तिनं ओळख दाखवली, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, मुद्दाम तिच्यापासून खुणा लपवल्या तेही. ती गिऱ्हाइकाची पिशवी बांधत ऐकत होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, त्या पोरीनं सांगितलं आणि मला लगेच पटलं का. मी म्हटलं, नाही, व्हिडिओ काढून तीनदा पाहिला.

"सामन्याचे व्हिडिओ तवाही निघत होते," ती म्हणाली. "माह्यासाठी एकडाव तरी पाह्याचा होता."