गुरुजींचा शंख

गुरुजी माझे सासरे. पण अकोल्याच्या सगळ्या जुन्या शहरासारखं मीही त्यांना गुरुजीच म्हणायचे. सकाळच्या पूजेनंतर ते शंख वाजवत आणि तो मोर्णा नदीपलीकडे ऐकू जाई, असं लोक सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा तो जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत पोचत होता. दम्याने छाती धरली होती.

डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन चूळ भरायची. दुसरा धाप लागली की लगेच. रोजचा पंप गुरुजींनी संध्येसारखा पाळला. चुळीवर तर ते बेहद्द खूश. "या डॉक्टरले धर्म समजते," म्हणायचे.

दुसऱ्या पंपाचं मात्र सोवळ्यात वावडं. तो सदऱ्याच्या खिशात, सदरा खुंटीला. "तोंडाले लागला का उष्टा झाला. उष्ट्यानं आहुती देऊ काय?" मी रागावले, रडले, एकदा जेवण सोडलं. धूर तुमच्या जिवावर उठलाय म्हटलं, तर म्हणाले, "मंग यजमानाले काय सांगू, बिनधुराचा होम करून राहिलो म्हणून?" हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळत नसे.

मूर्तिजापूरच्या एका वास्तुशांतीला मी हट्टाने सोबत गेले, पंप पर्समध्ये घेऊन. वाऱ्याने अग्नी विझू नये म्हणून खिडक्या लावलेल्या. मंत्र तुटू लागले. आधी ओळीला एक श्वास, मग शब्दाला एक. मी पंप घेऊन उठले. त्यांनी हात आडवा केला.

"पूर्णाहुती होऊ दे, बाई."

आणि मी बसले. सुनेने सासऱ्याचं सोवळं मोडायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. त्या बसण्याची मला आजही चीड येते.

पूर्णाहुती झाल्यावर त्यांनी स्वतःच हात पुढे केला. मी पंप त्यांच्या तोंडात धरून दाबला, पुन्हा दाबला. पण औषध आत ओढायला श्वासच उरला नव्हता. गाडीने अकोला गाठायच्या आत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं.

तेराव्यानंतर देव्हारा पुसताना शंख हातात आला. रोज तोंडाला लावायचे, धुवायचे आणि पुन्हा देवापाशी ठेवायचे. एवढं दाखवलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. रडण्यापुढे नाही, पण शास्त्रापुढे ते नमत. इतकी वर्षं भांडले आणि हे मला सुचलं नाही.

माझ्या लेकीलाही दमा आहे. तिचा पंप मी देव्हाऱ्यात शंखाशेजारी ठेवते, आणि ती पूजेला बसली की मी तिच्याजवळून हलत नाही.