बर्फमास्तरांचं पत्र

वैशाखात अकोल्यात माणसाला अंगातला सदराही नकोसा होतो. आमच्या तंबूच्या कारखान्यातले मुख्य शिंपी मात्र एका वैशाखात कोपरापर्यंत गोधडीचे जाड हातमोजे घालून बसत. समोर कुलफीवाल्याकडून आणलेला डबा, डब्यात बर्फ आणि खडेमीठ, आणि त्यात गोठत ठेवलेली ओल्या दोराची गाठ. ती बाहेर काढायची आणि हातमोज्यांनी सोडायला बघायचं, हा त्यांचा उद्योग. हनुवटीवरून घाम टपकायचा, गाठ काही सुटायची नाही. कारागीर हसत. "मास्तर, हिमालयात सोयरीक जमवली का जी?" मास्तर मान वर न करता म्हणत, "हो ना. तू चाल संगं. तुया कामाची गती पाहून तिथं तुले लोक गोठलेला समजतीन." तेव्हापासून त्यांचं नाव बर्फमास्तर पडलं.

माणूस अंजनगाव सुर्जीचा. उभा जन्म कापसाच्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या शिवण्यात गेलेला. बोलणं तुटक, पण एक वाक्य दिवसातून चारदा ऐकू यायचं : "सोडनाऱ्याचा हात पाहून गाठ मारा." पावसात भिजलेल्या गाडीवानाची बोटं सुरकुततात, म्हणून त्याच्या ताडपत्रीचे बंद ते वेगळे शिवत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

युद्धाच्या दिवसांत कारखान्याला लष्कराचं काम मिळालं. आधी साधे तंबू, मग एक दिवस लष्कराच्या साहेबांकडून भलताच नकाशा आला. ध्रुवाकडच्या बर्फाळ तळावर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानांसाठी कॅनव्हासचे निवारे शिवायचे होते. मी तिथला कारकून. अमरावतीचा, मॅट्रिक झालेला, आणि कारखान्यात इंग्रजी येणारा एकटा. मी मास्तरांना नकाशा समजावला. तिथे कित्येक महिने सूर्य उगवत नाही, असं सांगितल्यावर त्यांनी नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, "मंग तिथले लोक पेरते तरी काय?"

त्यानंतर त्यांचं बोट नकाशावर एका जागी थांबलं. निवाऱ्याचं तोंड दोरांच्या गाठींनी बांधायचं होतं.

"बाबू, इमान उडवाचं असन तवा हे सोडन कोन?"

"तिथले शिपाई."

"त्याइच्या हातात मोजे असतीन ना?"

एवढ्यावरून तो कुलफीचा डबा आला. चार दिवस त्यांनी सगळ्या तऱ्हेच्या गाठी करून पाहिल्या. भिजून गोठलेला दोर लाकडासारखा होई. मग त्यांनी बाभळीच्या बोटभर लांब गुंड्या तासल्या, दोराऐवजी गुंडी अडकवायला चामड्याचा फास केला आणि मला ते जाड मोजे चढवायला लावले. एका झटक्यात गुंडी सुटली. त्या माणसाला मी इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. म्हणाले, "लिवा सायबाले. म्हना, गाठ नोका ठेवू, मानसाची बोटं जातीन. गुंडी ठेवा."

मी लिहून घेतलं. इंग्रजीत उतरवलंही. पण पाठवलं नाही.

कारण आज सांगतो. कारण इतकं लहान आहे की सांगायला इतकी वर्षं लागली. मला लाज वाटली. अकोल्याच्या उन्हात बसलेला एक शिंपी साहेबांना बर्फ शिकवणार, आणि खाली अक्षर माझं! साहेब हसतील, ते मलाच हसतील, असं वाटलं. पत्र मी खणात सारलं.

मास्तर रोज विचारत, "आलं का जी उत्तर?" शिवण गाठींपाशी येऊन अडली होती. दोन आठवड्यांनी मी वैतागलो. टेबलावर सुताच्या रिळांबद्दलचं एक इंग्रजी पत्र पडलं होतं. ते त्यांच्यासमोर धरलं आणि नकार आला म्हणून वाचून दाखवलं.

"काहून नाही म्हन्ते?"

कारण मी तयार ठेवलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलून गेलो, "म्हणतात, शिंप्यानं शिवावं."

मास्तरांनी कोपऱ्यातले हातमोजे उचलले. त्यांची नीट घडी घातली. निवारे नकाशाबरहुकूम शिवले, गाठींसकट. पण त्या दिवसापासून त्यांचं जुनं वाक्य बंद पडलं. कारागिरानं काही विचारलं की म्हणत, "आपन शिवाव. सायेब म्हन्ते." माझं वाक्य त्यांच्या तोंडी बसलं आणि मला ते रोज ऐकावं लागलं. वर्षभरात त्यांनी काम सोडलं आणि ते अंजनगावला निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यानंतर खरं पत्र आलं. गाठी गोठल्या, कॅनव्हास सुऱ्यांनी फाडावा लागला. उघड्या हातांनी गाठ सोडायला गेलेल्या दोन शिपायांची बोटं कापावी लागली. शेवटी साहेबांनी अगदी अदबीनं विचारलं होतं : हातमोजे न काढता उघडेल असं काही आपल्या कारागिराला सुचेल काय?

ते पत्र घेऊन मी अंजनगावला गेलो. आज सगळं सांगून टाकायचं, असं वाटेत घोकत होतो. मास्तर ओसरीवर बसले होते. नजर गेली होती, सुई ओवता येत नव्हती. मला आवाजावरून ओळखलं. "बाबू! बसा, बसा. चा ठेव वो!" मी पत्र वाचलं, या खेपेला जसंच्या तसं. साहेब आता गुंडीसारखंच काही मागताहेत, हे ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. ते बोटांपाशीच थांबले.

"दोघाइची?"

"हो."

त्यांनी आपल्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चूक मायीच हाय, बाबू. म्या एकडावच सांगतलं. सायेब नाही म्हने, अन् मी रुसून बसलो. दुसऱ्यांदा लिवा म्हनून तुमच्या मांगं लागाले पायजे होतं. तुमी त लिवलं असतं."

मी चहा प्यायलो. "लिहिलं असतं," म्हणालो, आणि उठलो.

गुंड्यांचा नमुना मी साहेबांकडे पाठवला, तोवर युद्ध संपलं होतं. मास्तर त्याच पावसाळ्यात गेले. त्यांचा मुलगा मध्ये भेटला तेव्हा म्हणाला, बाबा शेवटी शेवटी दुसऱ्यांदा न लिहिलेल्या पत्राचंच बोलत. मी त्यालाही काही बोललो नाही. पहिलं पत्र अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटायला लागलंय. ते त्या मुलाला द्यायचं आहे, आणि ते कुठे पडून होतं तेही सांगायचं आहे. त्याआधी एकदा तरी सगळं लिहून पाहावं, म्हणून हे लिहिलं.