चावीवरचं हळदकुंकू

जळगाव जामोदच्या पेठेत त्या हिवाळ्यात एकामागून एक तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. कुलूप तुटलेलं नाही, कडी वाकलेली नाही. चोरानं चावीनंच काम उरकलं होतं. बुलढाण्याहून साध्या कपड्यांतले दोन गुप्त पोलीस आले आणि दुकानोदुकानी एकच विचारू लागले, तुमच्याशिवाय चावीला हात कोणाचा लागतो? प्रत्येक व्यापाऱ्यानं सरळ मनानं माझ्या वडिलांचं नाव सांगितलं.

वडील भिक्षुकी करत. लक्ष्मीपूजनाला पेठेतल्या तिजोऱ्यांची पूजा त्यांच्याच हातची. शेठजी चावी ताटात ठेवत, वडील तिला हळदकुंकू वाहत आणि परत देत. एवढाच काय तो संबंध.

"महाराज, चावी किती वेळ तुमच्यापाशी असते?" थोरल्या पोलिसानं आमच्या ओसरीवर बसून विचारलं.

"आरती होईपर्यंत ताटातच राह्यते, साहेब. मी तिले काऊन घेऊ?"

त्यांनी घर उलथंपालथं केलं, देव्हारासुद्धा सोडला नाही. आई तोंडाला पदर लावून उभी, आणि शेजारी कुंपणावरून फुकटचा तमाशा पाहत होते. मला अजून संताप येतो. पुढे कितीतरी दिवस वडील ठाण्यावर हजेरीला जात, आणि घरी आले की जेवत नसत.

मग चोर सापडला. दिवाळीआधी तिजोऱ्यांना तेलपाणी करणारा मिस्त्री. त्यानं चाव्यांचे ठसे साबणावर घेतले होते. चावी त्याच्याही हाती जायची, पण इतक्या वर्षांचा आपला माणूस म्हणून त्याचं नाव कोणाच्या तोंडी आलंच नव्हतं. वडील मग कोणाचे होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

पोलीस घरी येऊन हात जोडून गेले. पुढच्या दिवाळीला पेठेतून बोलावणंही आलं. फुलांची परडी घेऊन मी वडिलांसोबत गेले. पहिल्या दुकानात ताटात फुलं होती, पेढे होते, चावी नव्हती. शेठजी घाईघाईनं म्हणाले, "तिजोरीलेच कुंकू लावा, महाराज. चावी राहू द्या खिशात." त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, तेच जास्त लागलं. वडिलांनी मंत्र पुरे केले आणि दक्षिणा घेतली.

दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी मात्र नेहमीसारखी चावी काढली आणि वडिलांसमोर ताटात ठेवली. मला इतका आनंद झाला, की मी वडिलांकडे पाहिलं. ते पाट सोडून मागे सरकले होते.

"चावी उचला आधी, शेठजी," ते म्हणाले. "मले भेव वाटते."